फोनमध्ये जीपीएस आणि वायफायची अँटेना एकच असते का? हॉटस्पॉट लावला की ट्रॅक भरकटतो

रानवाट | सोमवार, रात्री ९:४०

आमचा आठ-दहा जणांचा ट्रेकिंगचा गट आहे. वाट नोंदवायचं काम माझ्याकडे असतं. गेल्या तीन ट्रेकना एकच त्रास होतोय. खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे हरिश्चंद्रगडावर जाताना माझ्या फोनवरचा ट्रॅक मध्येच दरीत उडी मारतो, परत वाटेवर येतो, पुन्हा पन्नास-साठ मीटर बाजूला जातो. आधी वाटलं कड्यांमुळे होत असेल. पण परवा लक्षात आलं की हे फक्त हॉटस्पॉट चालू असतानाच होतं. खिंडीच्या वर रेंज फक्त माझ्या सिमला मिळते, म्हणून बाकीचे माझ्या हॉटस्पॉटवर घरी फोटो पाठवतात, आणि नेमका तेव्हाच ट्रॅक बिघडतो. पुण्यात घरी हॉटस्पॉट लावून पाहिला, काही फरक नाही.

एकाने सांगितलं की फोनमध्ये जीपीएस आणि वायफाय एकाच अँटेनावर चालतात, म्हणून असं होतं. हे खरं आहे का? एकाच अँटेनावर एक जण ऐकतोय आणि दुसरा बोलतोय, हे चालतं तरी कसं? फोन साधारण तीन वर्षांचा आहे, दोन पट्ट्यांवर (म्हणजे दोन फ्रिक्वेन्सींवर) जीपीएस घेणारा. उतरताना धुक्यात याच ट्रॅकवर भरवसा ठेवावा लागतो, त्यामुळे मुळापासून समजून घ्यायचं आहे.

डोंगरयात्री_७ | सोमवार, रात्री १०:०५

कड्याखाली सगळ्यांचंच भरकटतं. अर्धं आकाश झाकलेलं असतं आणि सिग्नल कातळावर आपटून येतात. हॉटस्पॉटचा संबंध नसावा.

रानवाट | सोमवार, रात्री १०:१८

मलाही तेच वाटलं होतं. पण एकाच दगडावर बसून दहा मिनिटं बंद, दहा मिनिटं चालू असं दोनदा केलं. दोन्ही वेळा चालू केल्यावरच बिघडलं. कडा तर तोच होता.

तांब्याची_तार | मंगळवार, सकाळी ६:५०

हौशी रेडिओवाला आहे, आयुष्य अँटेना बांधण्यात गेलं. तुमचा प्रश्न मला फार आवडला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हो, बऱ्याच फोनांमध्ये जीपीएस आणि वायफाय-ब्लूटूथ एकाच धातूच्या तुकड्यावर असतात. २०१० च्या आयफोन ४ मध्ये तर हे बाहेरूनच दिसत होतं. कडेच्या स्टीलच्या पट्टीचे तुकडे पाडले होते, त्यातला एक वायफाय, ब्लूटूथ आणि जीपीएसला मिळून, दुसरा मोबाइल नेटवर्कला. कारण साधं आहे, जागा नाही. अँटेना साधारण पाव लहरीएवढी लांब लागते. जीपीएसची मुख्य लहर १५७५.४२ मेगाहर्ट्झची, तिची लांबी १९ सेंटिमीटर, म्हणजे पाव लहर पावणेपाच सेंटिमीटर. वायफायची पाव लहर तीन सेंटिमीटरच्या आसपास. कॅमेरे, बॅटरी, स्पीकर यांतून उरलेल्या कोपऱ्यात दोन वेगळ्या अँटेना एकमेकींपासून पुरेशा लांब ठेवता येत नाहीत. त्यापेक्षा एकच तुकडा असा वाकवतात की तो दोन्ही ठिकाणी नीट वाजेल.

मग त्या तुकड्याच्या मुळाशी डिप्लेक्सर बसवतात. नदीला फाटा फुटावा तसं ते काम करतं. १६०० च्या आसपासचं एका वाटेने, २४०० चं दुसऱ्या वाटेने. अँटेनाला एकाच वेळी ऐकायला आणि बोलायला काहीच अडचण नसते, ती बिचारी धातूची पट्टी आहे. अडचण तिच्या मागे सुरू होते.

आता आवाजाची तुलना पाहा. उपग्रह वीस हजार किलोमीटरवर. त्याचा सिग्नल जमिनीवर येतो तेव्हा साधारण उणे १३० डीबीएम असतो (एका मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेले डेसिबल, दर दहा डेसिबलला दहापट फरक), म्हणजे एका वॅटचे दहा हजार अब्ज भाग करून त्यातल्या एका भागाचा पुन्हा हजारावा. नुसत्या उष्णतेने होणारी खरखरसुद्धा त्याच्याहून मोठी. रिसीव्हरला उपग्रहाचा १०२३ तुकड्यांचा सांकेतिक क्रम पाठ असतो, म्हणून त्या खरखरीतूनही तो ओळखता येतो. आणि त्याच फोनचा मोबाइल ट्रान्समीटर दूरच्या टॉवरला हाक मारताना २३ डीबीएम, म्हणजे २०० मिलिवॅटने बोलतो. दोन्हींत १५३ डेसिबलचं अंतर. दोनावर पंधरा शून्यं.

पुण्यात टॉवर जवळ, म्हणून फोन हळू बोलतो. खिंडीत तो पूर्ण ताकदीने ओरडतो. तुमचा त्रास डोंगरातच होतो, याचं एक कारण इथे असावं.

घाटवाट | मंगळवार, सकाळी ९:३०

नेट चालू असलं की जीपीएस उलट सुधारतो ना? मोबाइल नेटवर्क मदत करतं असं ऐकलंय.

बोर्डवाला | मंगळवार, सकाळी ११:१५

मदत होते ती सुरुवातीला. उपग्रह कुठे आहेत याची माहिती नेटवरून आली की पहिलं ठिकाण पटकन मिळतं, नाहीतर तीच माहिती उपग्रहाकडून ५० बिट प्रति सेकंद अशा संथ गतीने उतरवावी लागते. चालू ट्रॅक नेटमुळे सुधारत नाही.

मी गाड्यांच्या ट्रॅकरचे बोर्ड बनवणाऱ्या टीममध्ये आहे. काकांनी 'मागे' म्हटलं तिथेच आमचे दिवस जातात. अँटेनाला लागून पहिला भाग कुठला ठेवायचा, फिल्टर की एलएनए? एलएनए म्हणजे बारीक सिग्नल वाढवणारा पहिला ॲम्प्लिफायर. त्याच्या आधी जे जे येतं, डिप्लेक्सर, फिल्टर, बोर्डवरची तांब्याची लांब रेघ, त्याचं नुकसान थेट सिग्नलमधून वजा होतं. नंतर आलेल्याचं नुकसान जवळजवळ जाणवत नाही. म्हणून जीव म्हणतो, एलएनए पुढे घ्या. पण फिल्टर नसेल तर शेजारच्या ट्रान्समीटरचा जोर एलएनएवर आदळतो, तो दबून जातो आणि उपग्रहाचाही सिग्नल वाढवत नाही. मग फिल्टर पुढे आणायचा तर त्याचं एखादं डेसिबल गेलं. वेगळी अँटेना असली की दोन अँटेनांमधलं अंतर तुम्हाला फुकटात दहा-पंधरा डेसिबल वाचवून देतं. अँटेना सामाईक केली की ते सगळं फिल्टरकडून वसूल करावं लागतं.

ट्रॅकरमध्ये आम्ही शक्यतो २५ मिलिमीटरचा चौकोनी सिरॅमिक पॅच वेगळा देतो. उपग्रहाची लहर गोल फिरत येते, पॅच तशीच घेतो. फोनमधली पट्टी सरळ, तिला अर्धीच मिळते, म्हणजे तीन डेसिबल तिथेच गेले. पण पॅच फोनमध्ये मावणार कुठे?

जुन्या जीएसएममध्ये, म्हणजे टूजीत, एक सोय होती. फोन वेळेच्या आठ खणांपैकी एकाच खणात बोलायचा, मग तेवढ्यापुरते जीपीएसचे कान झाकले की झालं. एक अष्टमांश वेळ गेला तर अर्ध्या डेसिबलच्या जरा वर नुकसान, बस्स. फोरजीवर फोटो चढत असताना ट्रान्समीटर जवळपास सलग बोलतो, तिथे कान झाकून भागत नाही.

रानवाटताई, नुसता ट्रॅक पाहून कळणार नाही. प्रत्येक उपग्रहाच्या सिग्नलची ताकद डेसिबल-हर्ट्झमध्ये दाखवणारी जीपीएसटेस्टसारखी ॲप्स आहेत. चार परिस्थितींत आकडे घ्या. सगळं बंद. नुसता मोबाइल डेटा, फाइल चढवत. विमान मोडमध्ये नुसता २.४ गिगाहर्ट्झचा हॉटस्पॉट. आणि दोन्ही एकत्र. हॉटस्पॉट नुसता लावून उपयोग नाही, मित्राला त्यावरून खरंच काही पाठवायला लावा, तरच दोन्ही ट्रान्समीटर बोलतील.

रानवाट | रविवार, रात्री ८:५५

आज पुन्हा तिथेच जाऊन आले. त्याच दगडावर, फोन आडवा ठेवून, प्रत्येक वेळी पाच मिनिटं. सर्वांत चांगल्या चार उपग्रहांची सरासरी लिहिते, एल१ म्हणजे १५७५ चा पट्टा, एल५ म्हणजे ११७६ चा.

सगळं बंद: एल१ वर ३६, एल५ वर ३३.
नुसता मोबाइल डेटा: ३५ आणि ३३.
विमान मोडमध्ये नुसता हॉटस्पॉट: ३६ आणि ३३.
दोन्ही एकत्र: एल१ थेट २७, एल५ तसाच ३३.

म्हणजे एकेकटं कुणीच दोषी नाही? आणि एल५ ला काहीच होत नाही, याचा अर्थ मला लागत नाहीये. नेटवर्कचा पट्टा दाखवणाऱ्या ॲपमध्ये पट्टा ५ दिसत होता. मित्राच्या फोनवर पाहिलं तर माझा हॉटस्पॉट चॅनल १ वर होता.

तांब्याची_तार | रविवार, रात्री १०:३०

ताई, किती स्वच्छ प्रयोग केलात! अर्थ तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांतच आहे.

एकेकटा असताना त्रास नाही, म्हणजे कुणी नुसत्या ओरडण्याने एलएनएला दाबत नाहीये. दोघे एकत्र आल्यावरच त्रास, म्हणजे दोघांचं मिश्रण होतंय. दोन लहरी कुठल्यातरी सरळ न वागणाऱ्या जागी भेटल्या की त्यांच्या बेरजेची आणि वजाबाकीची नवी लहर जन्मते. वजाबाकी करून पाहा. वायफाय चॅनल १ म्हणजे २४१२ मेगाहर्ट्झ. त्यातून १५७५.४२ वजा केले तर उरतात ८३६.५८. पट्टा ५ मध्ये, म्हणजे ८५० च्या पट्ट्यात, फोन ८२४ ते ८४९ या भागात बोलतो. अगदी पोटात! म्हणजे तुमचा हॉटस्पॉट आणि तुमचा फोरजी मिळून, तुमच्याच फोनच्या आत, जीपीएसच्या डोक्यावर खोटा आवाज तयार करताहेत. आणि तो १५७५ वरच पडतो म्हटल्यावर कुठलाही फिल्टर त्याला अडवू शकत नाही, फिल्टरच्या दृष्टीने तो जीपीएसच आहे.

एल५ साठी हेच करा. २४१२ वजा ११७६ म्हणजे १२३६. तिथे फोन बोलतच नाही, म्हणून एल५ शांत.

गंमत अशी की ९०० च्या पट्ट्यावर असतात तर चॅनल १ निर्धोक आणि चॅनल ११ वाईट ठरला असता. २४६२ वजा १५७५.४२ म्हणजे ८८६.५८, आणि ९०० च्या पट्ट्यात फोन ८८० ते ९१५ मध्ये बोलतो. मधला चॅनल ६ जीपीएसला दोन्हीकडून सोडतो, मात्र ८५० सोबत त्याचं मिश्रण रशियाच्या ग्लोनास उपग्रहांच्या सिग्नलवर जाऊन पडू शकतं, १६०२ च्या आसपास. फोन चॅनल निवडू देत नाही बहुतेक, पण ५ गिगाहर्ट्झचा हॉटस्पॉट निवडू देतो. तो लावून पाहा.

टेक्ससकर | सोमवार, सकाळी ७:१०

इथे अमेरिकेत याच कुळातली दुसरी डोकेदुखी आहे. इथल्या पट्टा १३ मध्ये फोन ७७७ ते ७८७ वर बोलतो आणि पट्टा १४ मध्ये ७८८ ते ७९८ वर. दुप्पट केलं की १५५४ ते १५७४ आणि १५७६ ते १५९६. जीपीएस बरोबर या दोघांच्या फटीत. इथे दुसऱ्या ट्रान्समीटरचीही गरज नाही, एकाच्याच दुपटीने भागतं. भारतातला ७०० चा पट्टा ७०३ ते ७४८ आहे, त्याची दुप्पट १४९६ च्या पुढे जात नाही, तेवढं बरं.

आणि काका, ५ गिगाहर्ट्झही नेहमीच सुटका नाही. भारतात फाइव्हजी ३३०० ते ३६७० मध्ये आहे. ५१८० वजा ३६०५ किती होतात बघा.

तांब्याची_तार | सोमवार, सकाळी ७:४५

१५७५! बरोबर पकडलंत. खिंडीत फाइव्हजी नसेल म्हणून ताईंना चालून जाईल, शहरात वेगळा हिशेब.

चिमटा | सोमवार, दुपारी १:२०

मी मोबाइल दुरुस्ती करतो, बावीस वर्षं झाली. हिशेब वाचला, पण एक विचारतो. हे मिश्रण चांगल्या फोनमध्ये इतकं होत नाही, नाहीतर ८५० वाले सगळेच ओरडले असते. नऊ डेसिबल खूप झाले. ताई, फोन कधी उघडलाय का? बॅटरी बदलली, मागची काच बदलली, असं काही?

आणि दुसरं. वायफायची रेंज घरी कमी झाल्यासारखी वाटते का?

रानवाट | सोमवार, दुपारी २:०५

मे महिन्यात बॅटरी बदलून घेतली! आणि वायफायचं तुम्ही विचारल्यावर आठवलं. आतल्या खोलीत पूर्वी तीन काड्या यायच्या, आता एक येते. मी राउटरला दोष देत होते. तुम्हाला कसं कळलं?

चिमटा | सोमवार, दुपारी २:४०

अँटेना बोर्डवर नसते. ती कडेच्या धातूत किंवा मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला असते, आणि बोर्डवरून तिला इवल्याशा स्प्रिंगचा स्पर्श असतो. पत्र्याची जीभ म्हणा. झाकण काढताना ती वाकते, कुणी घाईने बसवलं तर अर्धवट टेकते, वर पावसाळ्याची दमट हवा लागली की काळी पडते. जीपीएस आणि वायफाय एकाच जिभेवर असले की दोघांचं एकदम बिघडतं. गिऱ्हाईक वेगवेगळ्या तक्रारी सांगतं, दुखणं एकच. माझ्याकडे कुणी 'नकाशा नीट चालत नाही' म्हणून आलं तर मी पहिल्यांदा वायफायची रेंज बघतो.

शिवाय वरच्या बाजूचा एक स्क्रूसुद्धा बघा. बऱ्याच फोनांत तो नुसता स्क्रू नसतो, अँटेनाचं ग्राउंड असतो. तो विसरला गेला की हेच.

तांब्याची_तार | सोमवार, दुपारी ३:३०

चिमटा भाऊ, तुम्ही गाठ सोडवलीत. रेडिओवाल्यांना हे गंजक्या बोल्टचं दुखणं म्हणून ठाऊक आहे. टॉवरवरचा एखादा गंजलेला सांधा दोन ट्रान्समीटरच्या लहरी मिसळतो, कारण धातू, गंज, धातू असा थर डायोडसारखा वागतो. काळी पडलेली, अर्धवट टेकलेली जीभ तशीच. २४१२ आणि ८३६ कुठे भेटतात असं मी मनाशी विचारत होतो, ते त्या जिभेवर भेटत असणार. आणि जीभ अँटेनाच्या मुळाशी, डिप्लेक्सरच्याही अलीकडे. तिथे जन्मलेला खोटा आवाज थेट जीपीएसच्या वाटेला लागतो.

कोकणरेषा | सोमवार, संध्याकाळी ६:१०

वाचता वाचता जुना प्रश्न आठवला. एफएम रेडिओला इअरफोनची वायर लावावी लागायची, तीही सामाईक अँटेनाच ना? आमच्याकडे वादळात वीज आणि टॉवर दोन्ही गेले तेव्हा शेजाऱ्यांच्या जुन्या फोनवर आकाशवाणी लागत होती, माझ्या नव्या फोनला जॅकच नाही.

बोर्डवाला | सोमवार, संध्याकाळी ७:००

सामाईकच. एफएमची लहर तीन मीटरची, पाव लहर पाऊण मीटर, फोनमध्ये मावणं शक्य नाही. इअरफोनची वायर नेमकी त्याच्या आसपास लांब. त्याच वायरमधून गाणंही जातं. बारीक कॉइल आवाजाला जाऊ देते आणि १०० मेगाहर्ट्झला अडवते, तो मग एफएमच्या चिपकडे वळतो. त्याच वायरवर जीपीएसही घ्यायचं म्हटलं तर वेगळं करणं सोपं आहे, १०० आणि १५७५ मध्ये पंधरापटीचं अंतर आहे, साधा कॉइल-कपॅसिटर पुरतो. एफएमचा रिसीव्हर बोलतही नाही, नुसता ऐकतो. त्यामुळे ही सर्वांत शांत शेजारी जोडी. फक्त जीपीएससाठी ती वायर फार लांब पडते आणि खिशात कशी गुंडाळली यावर आकाशाची कुठली बाजू ऐकू येईल ते ठरतं.

तुमच्या वादळाच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत. २०२३ मध्ये केंद्र सरकारने फोन कंपन्यांना एफएम बंद ठेवू नका अशी सूचना केली होती. किनाऱ्यावर तर ते हवंच.

घाटवाट | सोमवार, रात्री ८:२०

जीपीएससारखे आपल्या देशाचे नाविक नावाचे उपग्रह आहेत ना, त्यांचा यात फायदा नाही का?

तांब्याची_तार | सोमवार, रात्री ९:१५

आहे, आणि सामाईक अँटेनाचा प्रश्न किती खोल जातो ते नाविकमध्ये छान दिसतं. नाविक सुरुवातीपासून दोन पट्ट्यांवर बोलतं, एल५ म्हणजे ११७६.४५ आणि एस म्हणजे २४९२.०२८ मेगाहर्ट्झ. एस पट्टा २४८३.५ ते २५००. वायफाय-ब्लूटूथचा पट्टा कुठे संपतो? २४८३.५ वर. मध्ये फटच नाही, भिंतीला भिंत. स्वतंत्र रिसीव्हरमध्ये एस पट्टा उत्तम, वातावरणातल्या चुका दोन पट्ट्यांच्या फरकाने काढता येतात. पण फोनमध्ये शेजारी वायफाय ओरडत असताना इतका काटेकोर फिल्टर बसवणं महाकठीण. म्हणून फोन नाविकचा एल५ घेतात. २९ मे २०२३ ला एनव्हीएस-०१ हा नाविकचा उपग्रह सुटला, त्यात इस्रोने एल१ दिला, १५७५.४२ वरच. ज्या फोनमध्ये जीपीएसची वाट आधीच आहे, त्याच वाटेने नाविकही येऊ शकेल. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटला. अँटेना तीच, फिल्टर तोच, फक्त चिपला नवा क्रम शिकवायचा.

ताई, तुमच्या खिंडीत टिकून राहिला तो हाच एल५ पट्टा. तो नसता तर ट्रॅक आणखी बिघडला असता.

रानवाट | पुढचा रविवार, रात्री ९:२०

बुधवारी दुसऱ्या एका कारागिराकडे फोन उघडून घेतला, चिमटा दादांची पोस्ट त्यांना वाचून दाखवली. वरच्या डाव्या कोपऱ्यातली जीभ खरंच आडवी झाली होती, टोक काळं. आणि तिच्या शेजारचा स्क्रू नव्हताच! त्यांनी जीभ उचलली, स्पिरिटने पुसली, दुसऱ्या जुन्या फोनचा तसाच स्क्रू बसवला. आतल्या खोलीत तीन काड्या परत आल्या.

आज त्याच दगडावर, तसेच आकडे:

सगळं बंद: एल१ वर ३९, एल५ वर ३३.
२.४ चा हॉटस्पॉट आणि डेटा एकत्र: ३८ आणि ३३. चॅनल १ च होता, पट्टाही ५ च.

५ गिगाहर्ट्झवरही पाहिलं, ३९. पण त्यावर वीस पावलांच्या पुढच्यांना हॉटस्पॉट मिळेना, म्हणून २.४ च ठेवणार आहे.

सगळं बंद असतानाही आकडा तीनने वाढला, म्हणजे मे महिन्यापासून मी निम्म्या सिग्नलवर चालत होते. आज उतरताना खिंडीत धुकं होतं आणि ट्रॅक वाटेवरून हलला नाही. सगळ्यांचे मनापासून आभार.

चिमटा | पुढचा रविवार, रात्री ९:४५

छान झालं ताई. पावसाळा संपला की एकदा परत वायफायच्या काड्या मोजा. जुनी जीभ आहे, पुन्हा वाकू शकते.